नेच्याच्या पानाची पाठ

नमस्कार मंडळी. विषयपत्रिकेवर ‘खान्देशच्या हवेत प्रदर्शनासाठी नेचे तयार करणे’ असं छापलंय, आणि ते सांगणारच आहे. पण आधी एक गोष्ट बोलायलाच हवी. इथले बरेच जण फेब्रुवारीत आपल्या कुंड्या मांडणार आहेत आणि काही जण त्यांना गुण देणार आहेत. नेच्याचं, म्हणजे फर्नचं, खरं वैभव पानाच्या पाठीवर असतं. आपल्या प्रदर्शनांत ते कुणाला दिसत नाही. दिसलंच तर कीड समजून खरवडलं जातं.

पुष्पप्रदर्शनात गुलाब पुढे, शेवंती त्याच्या शेजारी, आणि नेचे मागच्या भिंतीला, ‘शोभेची पानं’ या फळ्याखाली, सायकस आणि अ‍ॅस्परॅगसच्या रांगेत. आता खरं सांगा, घरातल्या अ‍ॅस्परॅगसला ‘फर्न’ म्हणणारे किती जण आहेत? हात वर करा. बघा, अर्धं सभागृह! त्या अ‍ॅस्परॅगसला बारीक पांढरी फुलं येतात, मग गोल फळं धरतात. ज्याला फूल येतं तो नेचा नव्हे, इतका सरळ हिशेब आहे. सायकसला फूल नसतं, पण बी असतं. नेच्याला बीही नसतं. कोणी म्हणेल, कोवळं पान घड्याळाच्या स्प्रिंगसारखं गुंडाळलेलं आलं की नेचा ओळखावा. पण सायकसच्या कोवळ्या पर्णिकाही, म्हणजे पानाच्या बारीक पात्याही, तशाच वळलेल्या असतात, त्यामुळे नवख्याची तिथे फसगत होते. म्हणून पान उलटं करा आणि पाठ बघा.

पाठीवर तपकिरी ठिपके किंवा रेघा दिसतात, ते बीजाणूंचे, म्हणजे ज्यांतून नवा नेचा उगवतो त्या भुकटीसारख्या कणांचे, पुंज. नेच्याच्या प्रत्येक प्रकाराची मांडणी ठरलेली. नेफ्रोलेपिसमध्ये मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना मूत्रपिंडाच्या आकाराचे ठिपके, टेरिसमध्ये कडेने सलग पट्टी, हंसराजात कडच आत दुमडून पुंज झाकते, बर्ड्स नेस्टमध्ये मधल्या शिरेपासून तिरक्या निघालेल्या समांतर रेघा, आणि स्टॅगहॉर्नमध्ये शिंगांच्या टोकाला पाठीमागे तपकिरी मखमली डाग. ही त्या झाडाची ओळखपत्रं आहेत, आणि आपण ती दात घासायच्या ब्रशने पुसतो, वर तेलकट कीटकनाशक मारतो! नेच्याची पानं तेलाने करपतात. कोवळी टोकं आधी काळी पडतात.

खवले कीड आणि पुंज यांतला फरक परीक्षकांनी कृपया लिहून घ्यावा. पुंज फक्त पाठीवर, शिरांच्या किंवा कडेच्या शिस्तीत, दोन्ही बाजूंना सारखे. कीड विस्कळीत बसते, देठावर चढते, पानाच्या वरच्या अंगालाही येते, नखाने अख्खी निघते. बऱ्याचदा पान चिकट होऊन मुंग्या लागतात. असाच अन्याय साध्या नेफ्रोलेपिसच्या मुळांवर होतो. त्याला खवलेदार गोल गाठी असतात, त्या पाणी साठवतात. कुंडी बदलताना सूत्रकृमींच्या, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या बारीक कृमींच्या, गाठी समजून त्या तोडून टाकू नका.

मग पाठ दाखवायची कशी? लोंबती कुंडी डोळ्यांच्या उंचीवर टांगा. टेबलावरच्या कुंडीमागे खालच्या बाजूला साधा आरसा तिरका ठेवा. शेजारी १० पट मोठं दाखवणारं भिंग दोरीने बांधून ठेवा. आणि ठसा घ्या. पुंज तपकिरी झालेलं पण अजून न फुटलेलं पान पांढऱ्या कागदावर पाठ खाली करून ठेवायचं, वर दुसरा कागद आणि हलकं पुस्तक, पंखा बंद. एक-दोन दिवसांत पान उचललं की पानाची नक्षी तपकिरी भुकटीत उमटते. ती चौकटीत लावा. ठशासाठी टेरिस किंवा हंसराज घ्या. बोस्टन फर्न, म्हणजे नेफ्रोलेपिसचाच एक प्रकार, त्याच्या लागवडीतल्या जातींना सुपीक बीजाणू क्वचितच धरतात. त्या धावत्या धुमाऱ्यांनी वाढतात. भुकटी उरली तर उकळत्या पाण्यात बुडवून गार केलेल्या विटेवर शिंपडा, वर काच झाका. काही आठवड्यांत सेंटिमीटरपेक्षा लहान, हृदयाच्या आकाराचे हिरवे पापुद्रे येतात, आणि खरा नेचा त्यावर नंतर उगवतो. ती वीटच प्रदर्शनात मांडा! मुलं तिथून हलणार नाहीत.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे, आणि छापलेला विषय अजून शिल्लकच आहे. भरभर सांगतो.

माती: आपली काळी माती अजिबात नको. ती पाणी धरून ठेवते, मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात. दोन भाग कोकोपीट, एक भाग पानांचं खत, एक भाग जाडी वाळू आणि मूठभर कोळशाचे तुकडे. कुंडी प्रदर्शनाच्या अडीच-तीन महिने आधी बदला. आयत्या वेळी बदललेलं झाड पानं टाकतं.

पाणी: आपल्या बोअरचं पाणी जड. क्षारांनी पानांची टोकं करपतात आणि पानांवर पांढरे डाग पडतात. पावसाळ्यात गच्चीचं पाणी साठवा. बर्ड्स नेस्टची पानं ओल्या मऊ कापडाने पुसा. हंसराजाला हात लावू नका, त्याच्या पानावर पाणी टिकतच नाही. चकाकीचे फवारे बंद.

खत: केळीच्या ठिबकसाठी कृषी केंद्रात मिळणारं १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) चालतं, पण लिटरला १ ग्रॅमच, पंधरा दिवसांतून एकदा, आणि शेवटचे दोन आठवडे काही नाही. कुंडी दर आठवड्याला पाव वळसा फिरवा, नाहीतर झाड खिडकीकडे झुकतं.

वाहतूक: १८२९च्या सुमारास लंडनचे डॉक्टर नॅथॅनिएल वॉर्ड यांच्या बंद बाटलीत नेचा आपोआप उगवला, आणि त्यातून रोपं जहाजाने नेण्याच्या काचपेट्या निघाल्या. आपल्याला काच नको. रावेर-यावलकडच्या केळीची हिरवी पानं ओलसर करून झाडाभोवती सैल गुंडाळा आणि कुंडी खोक्यात घट्ट बसवा. टेम्पोच्या उघड्या हौद्यातली तासाभराची गरम झुळूक हंसराज करपायला पुरते.

जंगलातून काही आणू नका. खडकांच्या फटीतला मयूरशिखा नावाचा नेचा घ्या. ती उन्हाळ्यात गुंडाळून सुकते आणि पावसात पुन्हा उलगडते. कुंडीत रोज पाणी दिलं की कुजते. तिचा फोटो लावा.

पाटीवर नुसतं ‘फर्न’ लिहू नका, पूर्ण नाव लिहा. मंडपात कुंडी पंख्याच्या झोतापासून आणि हॅलोजनपासून लांब, खाली खडे-पाण्याचं ताट. आणि परत आणलेली कुंडी पंधरा दिवस घरातल्या बाकी झाडांपासून वेगळी ठेवा. शेजारच्या टेबलावरचा पिठ्या ढेकूण तिच्यासोबत आलेला असू शकतो.