गाडी ओढत नाही, तेव्हा

नमस्कार श्रोतेहो. आजचा विषय आहे जुनी गाडी. जुनी, आणि तीही दुसऱ्याकडून घेतलेली. अशा गाडीबद्दल आमच्या कानावर सगळ्यांत जास्त येणारी तक्रार एकच असते: गाडीला पिकअप नाही. चढ लागला की गळाठते. पुढच्याला ओव्हरटेक करायला जावं, पाय तळापर्यंत दाबावा, आणि गाडी ढिम्म.

अशा वेळी लगेच इंजिनवर संशय घेऊ नका. इंजिन ताकद देत असतं आणि ती चाकापर्यंत पोचत नसते, असंही पुष्कळदा होतं. आरपीएमचा, म्हणजे इंजिनच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांचा, काटा वर चढतो, आवाज वाढतो, पण वेग तिथेच राहतो, तर क्लच घसरतो आहे. थोडं चालवून आल्यावर चारही चाकांजवळ हात न्या. लावू नका, नुसता जवळ न्या. एकाच चाकाची धग लागली, तर त्या चाकाचा ब्रेक जाम आहे. आणि पायाखालची मॅट पुढे सरकून पेडलच्या खाली अडकली असेल, तर तुम्ही कितीही जोर लावा, थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, पूर्ण उघडणारच नाही. मॅट काढून बघायला एक मिनिटही लागत नाही.

हे सगळं ठीक असेल, तर मग इंजिनकडे वळायचं. इंजिनला काय लागतं? हवा, इंधन, योग्य वेळी ठिणगी आणि सिलिंडरमध्ये दाब. ही चार नावं सगळ्यांना पाठ असतात. पाचवी गोष्ट विसरली जाते: जळलेला वायू बाहेर जायला मोकळी वाट. पुन्हा सांगतो, कारण आज मला त्याबद्दलच बोलायचं आहे. हवा, इंधन, ठिणगी, दाब, आणि बाहेर जायची वाट.

आमच्याकडे एक निवृत्त शिक्षिका गाडी घेऊन आल्या. साधी पेट्रोल गाडी, टर्बो वगैरे काही नाही. जुनी घेतलेली. तक्रार अशी, की घरून निघताना गाडी छान पळते. मोठा चढ लागला किंवा वेग वाढवला, की अचानक कोणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी होते. मग बाजूला घ्यायची, थांबायचं, आणि पुन्हा सुरू केली की गाडी एकदम ठणठणीत.

आता गॅरेजमध्ये काम करणारा कोणीही हे ऐकून काय म्हणेल? गरम झाल्यावर काहीतरी दम सोडतं आणि थंड झाल्यावर सुधारतं. म्हणजे पेट्रोलचा पंप, नाहीतर ठिणगीसाठी वीज देणारी इग्निशन कॉईल. आमच्याआधी ज्यांनी गाडी पाहिली त्यांनीही तेच म्हटलं होतं. पंप नवा बसवला होता, कॉईल नव्या, प्लग नवे, फिल्टर नवे. चढावर गाडी पुन्हा तशीच. स्कॅनर लावला तर बिघाडाचा एकही कोड नाही. सायलेन्सरच्या वाटेवर धुरातले विषारी वायू कमी करणारा जो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, त्याचा संशय कोणालाच आला नाही, कारण गाडीच्या कागदांत आधीच्या मालकाने नवा कन्व्हर्टर बसवल्याची पावती होती. खाली वाकून पाहिलं तर कन्व्हर्टर खरंच नवा होता.

बाईंच्या हातात एक वही होती. गाडी कधी अडली, कोणत्या गिअरमध्ये, किती चालल्यावर, पाऊस होता की ऊन, सगळं तारीखवार लिहिलेलं. ती वही आधी कोणी उघडूनही पाहिली नव्हती. बोलणं व्हायचं ते बाईंच्या बरोबर आलेल्या भाच्याशी. श्रोतेहो, याबद्दल मला मनापासून बोलायचं आहे. गाडी जो माणूस रोज चालवतो, त्याच्याशी बोललं पाहिजे. चालवणारी बाई असेल तर बाईशी. गाडी कशी वागते हे तिच्याइतकं दुसऱ्या कोणाला माहीत नसतं. शेजारी उभ्या असलेल्या पुरुषाला विचारून काय कळणार?

तर वहीत एक नोंद होती: 'किल्ली बंद केली, लगेच सुरू केली, गाडी नीट.'

मी विचारलं, "बाई, लगेच म्हणजे किती वेळानं?"

"लगेच म्हणजे लगेच," त्या म्हणाल्या. "मागे गाड्या हॉर्न वाजवत होत्या. किल्ली फिरवली आणि परत फिरवली."

इथे विचार करा. पंप तापून मंदावला असेल, तर त्याला थंड व्हायला वेळ लागतो. कॉईलचंही तेच. किल्ली बंद-चालू करण्याच्या अवधीत कोणतीही वस्तू थंड होत नाही. मग त्या क्षणात बदलतं काय? एकच गोष्ट बदलते. सायलेन्सरमधून जाणारा वायूचा झोत थांबतो.

आम्ही आधी इंधनाचा दाब मोजला. गाडी चढावर नेली, गेज जोडलेला, गाडी अडखळली तेव्हाही काटा हलला नाही. पंप निर्दोष. मग व्हॅक्यूम गेज लावला. हे अगदी साधं, जुनं उपकरण. इनटेक मॅनिफोल्डला, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांना, याची नळी जोडायची आणि इंजिन हवा किती जोरात ओढतं ते काट्यावर पाहायचं. इंजिन आयडलवर, म्हणजे रेस न देता नुसतं सुरू असताना निरोगी गाडीत काटा साधारण पाऱ्याच्या 17 ते 21 इंचांच्या दरम्यान स्थिर राहतो. उंच डोंगराळ भागात तो थोडा खाली दिसतो. मग रेस देऊन 2500 ते 3000 आरपीएमवर धरून ठेवायचं. काटा तसाच टिकून राहिला, तर वाट मोकळी आहे. धरून ठेवलेला असताना काटा हळूहळू खाली यायला लागला, तर जळलेला वायू बाहेर जाऊ शकत नाही.

आम्ही रेस धरली. काटा स्थिर. अजून धरली. स्थिर. आमच्याकडचा पोरगा म्हणाला, सोडा आता. मी म्हटलं, धर अजून. आणि मग मागून, गाडीच्या शेपटीकडून, खळ्ळ असा आवाज आला. काटा खाली यायला लागला. वीसवरून सोळा, सोळावरून बारा, अगदी सावकाश. इंजिनचा आवाज घुसमटला. मी म्हटलं, बंद कर. किल्ली बंद झाली आणि त्याच ठिकाणाहून पुन्हा खळखळ ऐकू आली, काहीतरी खाली पडल्यासारखी.

मागचा सायलेन्सर उतरवला, उभा धरला आणि हलवला. आत खडे होते. कापला, तर आतून निघाले मातकट रंगाचे तुकडे. एका अंगाला बारीक चौकोनी छिद्रांची जाळी, दुसऱ्या अंगाला वितळून काचेसारखे गुळगुळीत झालेले. जुन्या कन्व्हर्टरचं पोट होतं ते.

घडलं होतं ते असं. आधीच्या मालकाने बरेच दिवस गाडी मिसिंग होत असताना, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नसताना, तशीच चालवली. मिसिंग होतं तेव्हा न जळलेलं पेट्रोल सिलिंडरमधून बाहेर पडतं आणि कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं. आतली सिरॅमिकची जाळी त्या उष्णतेने वितळते, तडकते, तिचे तुकडे होतात. गाडी चालेना म्हणून त्याने कन्व्हर्टर नवा टाकला. पण तुटलेले तुकडे झोताबरोबर पुढे सरकून मागच्या सायलेन्सरमध्ये जाऊन बसले होते, ते कोणी पाहिले नाहीत. गाडी सावकाश चालली की ते तळाशी पडून राहायचे. झोत वाढला की उचलले जाऊन आतल्या नळीच्या तोंडावर बसायचे. किल्ली बंद केली की झोत थांबायचा, तुकडे खाली पडायचे, आणि गाडी पुन्हा नवी.

कोंडलेला वायू सिलिंडरमध्येच उरतो, त्यामुळे नव्या हवेला आत जागा राहत नाही. हवा कमी, म्हणून ताकद कमी. आयडलवर वायू थोडा असतो, तेव्हा काही जाणवत नाही. म्हणून अशी गाडी गॅरेजच्या दारात नेहमी शहाण्यासारखी वागते.

ते तुकडे मी बाईंना एका डब्यात घालून दिले. काढलेला प्रत्येक भाग मालकाच्या हातात द्यावा, हे माझं ठाम मत आहे. नको असेल तर ते टाकून देतील, पण पाहू दे त्यांना. आणखी एक मत सांगतो. विकण्याआधी इंजिन धुवून चकचकीत केलेली गाडी मला आवडत नाही. तेल कुठून झिरपतं, कोणता पाइप भिजलेला आहे, हे सगळं त्या मळावरून कळतं. तो पुसला की गाडीचा पूर्वेतिहासच पुसला जातो.

आता बाकीच्या चार गोष्टी चटकन. एअर फिल्टर काढून प्रकाशासमोर धरा. तेवढ्यात फिल्टरच्या पेटीपासून थ्रॉटलपर्यंतचा रबरी पाइपही वाकवून पाहा, भेग घडीत लपलेली असते. टर्बो गाडीत टर्बोकडून इंजिनकडे जाणारा पाइप सुटला की ताकद एकदम घसरते. इंधनाचा दाब गेजवर मोजा, अंदाजाने पंप बदलू नका. पुष्कळ पेट्रोल गाड्यांत तो 3 ते 4 बार असतो, तुमच्या गाडीचा आकडा तिच्या पुस्तकात मिळेल. प्लग काढून रंग बघा. फिकट तपकिरी असेल तर छान. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जळतं आहे, आणि तेलकट ओला प्लग म्हणजे इंजिन ऑइल वर येतं आहे. शेवटी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब. सगळ्या सिलिंडरचे आकडे जवळपास सारखे हवेत. एखादा फार कमी असेल, तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल घालून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंग झिजल्या आहेत, नाही वाढला तर व्हॉल्व्ह नाहीतर हेड गॅस्केट. आणि सगळेच आकडे सारखे कमी असतील, तर टायमिंगची चेन किंवा बेल्ट एखादा दात सरकला आहे का, ते आधी बघा.

चेक इंजिनचा पिवळा दिवा स्थिर पेटला, तर सवडीने दाखवा. पण तो लुकलुकत असेल, तर रेस कमी करा आणि गाडी फार लांब नेऊ नका. लुकलुकणारा दिवा सांगत असतो, की आत्ता, या क्षणी मिसिंग होतं आहे आणि कन्व्हर्टर जळतो आहे. हे पुन्हा सांगतो: स्थिर दिवा वेगळा, लुकलुकणारा दिवा वेगळा.

आणि घरी इंजिन सुरू ठेवून काही तपासणार असाल, तर ते उघड्यावर करा. बंद जागेत कधीही नाही. धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही आणि त्याला वासही नसतो.

पुढच्या भेटीत जुन्या गाडीचं कूलंट आणि रेडिएटर याबद्दल बोलू. नमस्कार.