लसिका ग्रंथींची सूज: दुखणारी गाठ आणि न दुखणारी गाठ

डॉक्टरांची बोटे जबड्याच्या कडेखालून सावकाश मागे सरकतात आणि एका जागी थांबतात. तेथे हाताला लागलेली गाठ म्हणजे सुजलेली लसिका ग्रंथी. अशा सुमारे ६०० ग्रंथी आपल्या शरीरात असून मान, काख आणि जांघ येथील ग्रंथी त्वचेलगत असल्यामुळे सुजल्या की चटकन हाताला लागतात. लसिका द्रव, म्हणजे पेशींभोवती साचून पुन्हा रक्ताकडे परतणारे पाणी, या ग्रंथींमधून गाळला जातो आणि त्याबरोबर आलेल्या जंतूंशी तेथील पांढऱ्या पेशी झुंजतात. त्या झुंजीत प्रत्यक्ष ग्रंथीलाच जंतुसंसर्ग होऊन दाह झाला, की त्याला लसिका ग्रंथिशोथ म्हणतात.

तीव्र प्रकारात गाठ काही दिवसांतच वाढते, नुसता स्पर्शही सोसवत नाही, वरची त्वचा लाल व गरम होते आणि ताप भरतो. मूळ बहुधा जवळच सापडते: किडलेल्या दातामुळे किंवा घशाच्या संसर्गामुळे गाठ जबड्याखाली येते, हाताच्या जखमेमुळे काखेत, तर पायाची जखम चिघळली की जांघेत अवधाण, म्हणजे तिथल्या ग्रंथीची गाठ, येते. जखमेपासून ग्रंथीच्या दिशेने त्वचेवर लाल रेघ चढू लागली, तर संसर्ग लसिका वाहिन्यांत शिरला आहे असे समजून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. ग्रंथीत पू झाला की गाठ मधोमध मऊ लागते. तेव्हा केवळ प्रतिजैविके बहुधा पुरत नाहीत, पू काढावा लागतो.

दुखणारी गाठ माणसाला डॉक्टरांकडे नेते. खरी काळजी वाटते ती न दुखणाऱ्या गाठीची, कारण ती महिनोन्महिने अंगावर काढली जाते. क्षयरोगाच्या जंतूंमुळे होणारी गंडमाळ अशीच असते: मानेतल्या गाठी हळूहळू वाढून एकमेकींना चिकटतात, कधी बारीक ताप येतो, वजन घटते आणि पुढे गाठ फुटून वाहू लागते. सुईने काढलेल्या नमुन्यावरून निदान झाले, की साधारणपणे सहा महिन्यांच्या औषधांनी ती बरी होते.

एकाच वेळी अनेक ठिकाणच्या ग्रंथी सुजल्या असतील, तर विषाणुसंसर्ग किंवा सर्व शरीराला व्यापणारा अन्य आजार शोधावा लागतो. गळपट्टीच्या हाडावरची गाठ, तसेच दगडासारखी टणक व जागची न हलणारी गाठ यांत कर्करोगाची शक्यता असल्याने ती लगेच तपासावी. चार आठवड्यांत न बसलेली कोणतीही गाठ दाखवलीच पाहिजे, आणि निदानापूर्वी स्वतःहून स्टेरॉइड घेऊ नये. त्याने काही गाठी तात्पुरत्या बसतात, पण आजार आत तसाच राहून निदान लांबते.