सेटवर वाढलेली मुलगी

श्रोतेहो, नमस्कार.

२०२३ साली ‘विमेन टॉकिंग’ या चित्रपटाच्या पटकथेला ऑस्कर मिळालं, तेव्हा त्याची लेखिका-दिग्दर्शिका सारा पॉली हे नाव आपल्याकडे बऱ्याच जणांनी पहिल्यांदा ऐकलं असेल. कॅनडात मात्र ती लहानपणापासून घरोघरी ओळखीची आहे.

साराचा जन्म १९७९ चा, टोरांटोचा. आईवडील दोघंही अभिनय करणारे. दिग्दर्शक टेरी गिलियम यांच्या ‘बॅरन मुन्चाउसेन’ या भव्य चित्रपटात तिला मोठी भूमिका मिळाली, तेव्हा ती आठ-नऊ वर्षांची होती. पडद्यावर ते जग अद्भुत दिसतं. तिच्या आठवणीत राहिले ते स्फोट. धडाडणाऱ्या सुरुंगांमधून पळायचं, आणि टेक पसंत पडला नाही की पुन्हा पळायचं. मोठी माणसं दिग्दर्शकाच्या प्रतिभेनं दिपून गेली आणि मुलाला जपायचं राहून गेलं, असं ती आज स्पष्टपणे सांगते. मला तिची पुढची सगळी वाटचाल याच अनुभवातून निघालेली दिसते.

मग ‘रोड टू ॲव्हनली’ ही लोकप्रिय मालिका आली. ती सुरू झाली त्याच वर्षी, १९९० मध्ये, आई कॅन्सरनं गेली. सारा तेव्हा अकरा वर्षांची होती. काम चालूच राहिलं.

आपल्याकडे २०१७ च्या नियमांप्रमाणे बालकलाकाराकडून दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, आणि कमाईतली किमान २० टक्के रक्कम त्याच्या नावे मुदत ठेवीत टाकावी लागते. लेकराला ऑडिशनला नेणाऱ्या किती पालकांना हे ठाऊक असतं? ठाऊक असायलाच हवं.

साराकडे वळू. अभिनेत्री म्हणून नाव झालेलं असताना तिनं दिग्दर्शन हाती घेतलं. ‘अवे फ्रॉम हर’ आला २००६ मध्ये. ती सत्तावीस वर्षांची होती. आणि विषय कोणता निवडला? चाळीसहून अधिक वर्षांचा संसार झालेलं जोडपं, आणि बायकोला झालेला अल्झायमर. ॲलिस मन्रो यांच्या कथेवरून पटकथा तिनंच लिहिली. नायिका जुली ख्रिस्ती. बायको नवऱ्याला विसरते आणि शुश्रूषागृहातल्या दुसऱ्याच पुरुषाला जीव लावते. नवरा ते रोज जाऊन बघतो. या वयातल्या दिग्दर्शिकेनं त्या नवऱ्याला बिचारा केलं नाही, की त्याच्या जुन्या चुका झाकल्या नाहीत. पहिल्याच चित्रपटात इतका संयम मी फार थोड्यांकडे पाहिला आहे.

२०१२ च्या ‘स्टोरीज वी टेल’ या माहितीपटात तिनं स्वतःच्याच घराकडे कॅमेरा वळवला. ज्यांनी तिला वाढवलं ते तिचे जन्मदाते वडील नव्हते, हे तिला मोठेपणी कळलं होतं. तरी त्या चित्रपटाचं निवेदन वाचतात ते वाढवणारे वडीलच, आणि तेही स्वतः लिहिलेलं.

‘विमेन टॉकिंग’मध्ये अत्याचार सोसलेल्या बायका गवताच्या माळ्यावर बसून ठरवतात: इथं राहायचं, लढायचं की निघून जायचं? सारा तोवर तीन मुलांची आई झाली होती. तिनं चित्रीकरणाचे तास कमी ठेवले, म्हणजे लोकांना घरी मुलांपर्यंत पोचता येईल. आणि जड प्रसंगांसाठी सेटवर मानसोपचारतज्ज्ञ होत्या.

श्रोतेहो, तिचं एकच काम बघायचं झालं तर ‘अवे फ्रॉम हर’ बघा. शक्य असेल तर घरातल्या वडीलधाऱ्यांसोबत.

नमस्कार.