संपकरी, संपफोडे आणि पौलाचं एक वचन

ख्रिस्ती मंडळींत संपाचा विषय निघाला की बायबलमधलं प्रेषित पौलाचं एक वचन हमखास पुढे केलं जातं. ज्याला काम करायची इच्छा नाही, त्याने खाऊही नये. थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातल्या तिसऱ्या अध्यायातलं हे दहावं वचन. ते एकदा म्हटलं की संपकऱ्याचं तोंड बंद होतं, असा समज आहे.

आधी हे वचन कुणाला उद्देशून आहे ते पाहू. थेस्सलनीकाच्या त्या ख्रिस्ती मंडळीत काही माणसं कामधंदा सोडून बसली होती, दुसऱ्याच्या घरी जेवत होती आणि नको तिथे लुडबुड करत होती. पौल स्वतः तंबू करण्याचं काम करायचा. कुणावर भार नको म्हणून आपण रात्रंदिवस कष्ट केले, असं तो त्याच ठिकाणी सांगतो. म्हणजे कान उपटले आहेत ते ऐतखाऊंचे. वचनातला कळीचा शब्द आहे 'इच्छा'. संपावर गेलेल्या माणसाला काम नको असतं का? त्याला तेच काम हवं असतं, त्याच गेटमधून आत जायचं असतं. त्याचं भांडण असतं ते अटींशी. आळशी माणूस संप करत नाही. संपात रोजचा पगार बुडतो, आणि आळशाला तेवढं बुडवून घेण्याची हौस नसते.

दुसरं आवडतं वचन कलस्सैकरांना लिहिलेल्या पत्रातलं: जे काही कराल ते माणसांसाठी नव्हे, प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा. तिसरा अध्याय, तेविसावं वचन. वाचन बहुधा तिथेच, नाहीतर अध्याय संपतो तिथे थांबतं. तीनच वचनं पुढे, चौथ्या अध्यायाच्या पहिल्याच ओळीत पौल धन्यांकडे वळतो: आपल्या दासांना न्यायाने आणि समतेने द्या, तुम्हालाही स्वर्गात एक धनी आहे. अध्यायांचे आकडे पौलाने घातलेले नाहीत, ते शेकडो वर्षांनंतरचे. त्या एका आकड्यामुळे नोकराला दिलेली आज्ञा आणि मालकाला दिलेली आज्ञा यांची ताटातूट झाली आहे. शिवाय ही पत्रं ज्यांना वाचून दाखवली जात त्यांतले बरेच गुलाम होते. गुलामाला संप करताच येत नाही. त्याला उद्देशून लिहिलेलं वाक्य करार करून कामाला लागलेल्या माणसावर जसंच्या तसं लादायचं, तर आधी बराच विचार करावा लागेल. आणि मजुरी अडवून ठेवणाऱ्याबद्दल याकोबाने आपल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात जे लिहिलं आहे, की अडवलेली मजुरीच ओरडते आणि तो आक्रोश सेनाधीश परमेश्वराच्या कानी जातो, ते अशा चर्चेत कुणी सहसा वाचत नाही.

आता एका खऱ्या प्रसंगाकडे येतो. हा मुद्दाम निवडला आहे, कारण यात मालकही चर्च, कामगारही चर्चचे आणि संपफोडेही चर्चचेच.

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात कॅल्व्हरी नावाची प्रचंड मोठी कॅथलिक दफनभूमी आहे. तिथे कबरी खणणारे आणि देखभाल करणारे सुमारे २४० कामगार १३ जानेवारी १९४९ रोजी संपावर गेले. बहुतेक सगळे कॅथलिक. आठवड्याचे सहा दिवस, ४८ तास काम आणि ५९ डॉलर ४० सेंट पगार. मागणी अशी की तोच पगार पाच दिवसांच्या, ४० तासांच्या आठवड्याला मिळावा आणि शनिवारी बोलावलं तर ओव्हरटाइम. हिशेब करून पाहा. ४८ तासांनी भागलं तर तासाला सुमारे १ डॉलर २४ सेंट पडतात, ४० तासांनी भागलं तर १ डॉलर ४८ सेंटच्या वर. म्हणजे तासाच्या दरात बरोबर २० टक्के वाढ. मागणी लहान नव्हती, हे मान्य करायला हवं. पण पाच दिवसांचा आठवडा तेव्हा अमेरिकेत रूढ झालेला होता. या माणसांना इतर कामगारांसारखा शनिवार हवा होता. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी झगडून १८९० मध्ये आठवड्याची सुट्टी पदरात पाडून घेतली. ती मागणी रविवारची, ही शनिवारची. दोन्हींच्या मुळाशी घर, मुलं आणि दुखणारी पाठ.

मालकाच्या बाजूला होते न्यूयॉर्कचे आर्चबिशप, कार्डिनल फ्रान्सिस स्पेलमन. संपाला सात आठवडे झाले. दफनाविना राहिलेल्या शवपेट्यांची संख्या हजारावर गेली. ३ मार्चला कार्डिनल स्वतः डनवूडीच्या सेंट जोसेफ सेमिनरीतल्या, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयातल्या, विद्यार्थ्यांना घेऊन, गेटवर फलक धरून उभ्या असलेल्या संपकऱ्यांच्या समोरून आत गेले आणि त्या मुलांच्या हातात फावडी दिली. वर्तमानपत्रांना त्यांनी उघड सांगितलं की होय, मी संपफोड्या आहे आणि मला त्याचा अभिमान आहे.

कार्डिनलांच्या बाजूने जे म्हणता येईल ते पुरतं म्हणू या. मृताला मूठमाती देणं हे कॅथलिक परंपरेत दयेच्या सात शारीरिक कृत्यांपैकी एक. महिना-महिना आईची शवपेटी दफनाची वाट पाहत पडलेली असेल तर त्या घरच्या माणसांना कामाच्या तासांचा वाद काय सांगणार? दुसरा मुद्दा, कामगारांची लोकल २९३ ही युनियन ज्या मोठ्या संघटनेशी जोडलेली होती तिचं नेतृत्व कम्युनिस्टांकडे होतं. ही ओरड नुसती हवेतली नव्हती; पुढच्याच वर्षी मध्यवर्ती महासंघाने त्या संघटनेला याच कारणावरून बाहेर काढलं.

तरीही माझ्या मते कार्डिनल चुकले, आणि कुठे चुकले ते नेमकं दाखवता येतं. कामगारांनी आपण कॅथलिक आहोत आणि कम्युनिझमच्या विरोधात आहोत अशी शपथ घेतली. कम्युनिझम हीच खरी अडचण असती तर तिथे ती सुटायला हवी होती. ती सुटली नाही. जुन्या युनियनशी नातं पूर्ण तोडल्याशिवाय बोलणी पुढे सरकेनात. शेवटी दुसऱ्या, कार्डिनलांना चालणाऱ्या महासंघाच्या युनियनमध्ये कामगार गेले आणि ११ मार्चच्या सुमारास संप मिटला. हाती काय पडलं? सव्वाआठ टक्क्यांच्या थोडी वर वाढ, म्हणजे ५९.४० चे साधारण ६४ डॉलर ३५ सेंट. आठवडा मात्र सहा दिवसांचा, ४८ तासांचाच राहिला. ज्या शनिवारसाठी माणसं थंडीत आठ आठवडे उभी राहिली तो मिळाला नाही.

त्या मार्चमध्ये डोरोथी डे यांनी कार्डिनलांना पत्र लिहिलं. न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत आसरागृह आणि एक सेंट किमतीचं वर्तमानपत्र चालवणारी ही निष्ठावान कॅथलिक बाई. तुम्ही त्यांच्याकडे जा, मिटवून घ्या, गरिबाने नमतं घेण्यापेक्षा थोराने घेणं सोपं असतं, असा त्या पत्राचा आशय. कार्डिनल गेले ते गेटमधून आत, संपकऱ्यांकडे नव्हे.

मला या प्रसंगात सगळ्यात जास्त खटकतात ते फावडी घेतलेले विद्यार्थी. त्यांच्यावर राग नाही. पण ज्याच्या हातून उद्या दीक्षा मिळायची, तोच बिशप 'चल, खण' म्हणतो तेव्हा कोणता विद्यार्थी नाही म्हणेल? आज्ञापालनाचं वचन ज्याने देवासाठी द्यायचं, त्याच्या आज्ञापालनाचा उपयोग पगाराच्या भांडणात केला गेला.

संपफोड्या हा एकच शब्द आपण तीन वेगळ्या माणसांना लावतो. एक, पोटासाठी आलेला बेकार. दोन, संप मोडण्यासाठीच पैसे देऊन आणलेली टोळी. तीन, ज्याला नाही म्हणण्याची सोयच नाही असा आश्रित: विद्यार्थी, शिकाऊ, होस्टेलमध्ये राहणारी मुलगी. पहिल्याला शिव्या सगळ्यात जास्त बसतात आणि दोष सगळ्यात कमी असतो.

हे लंडनमध्ये १८८९ साली गोदी कामगारांना कळलेलं होतं, म्हणून तो संप सांगतो. गोदीच्या गेटवर रोज सकाळी शेकडो माणसं जमायची. मुकादम बोट दाखवील तो आत, बाकीचे परत. आत गेलेल्यालाही काम कधी तासाभराचं. मुंबईच्या गिरण्यांत बदली कामगार जसा गेटवर ताटकळायचा, तसंच. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या विसाव्या अध्यायातले द्राक्षमळ्याचे मजूर आठवा. अकराव्या तासाला, म्हणजे दिवस मावळतीला आल्यावरही, बाजारात उभे असलेले म्हणतात, आम्हाला कुणी कामावर लावलंच नाही. ते उत्तर गोदीच्या गेटवर रोज ऐकू यायचं.

१४ ऑगस्टला संप सुरू झाला. मागण्या मोजक्या: तासाला पाचऐवजी सहा पेन्स, जादा कामाला आठ पेन्स आणि एकदा बोलावलं की निदान चार तासांचं काम. या शेवटच्या मागणीला मी पैशाच्या मागणीपेक्षा मोठी मानतो, कारण तासाभरासाठी माणूस बोलावून हाकलण्याची चाल तिच्यामुळे महागात पडणार होती. संप फसायची पाळी आली होती ती उपासमारीने. ऑस्ट्रेलियातून सुमारे ३०,००० पौंड आले म्हणून चुली पेटत्या राहिल्या. कंपन्या सहा पेन्स द्यायला तयार झाल्या, पण जानेवारीपासून. कामगारांना ते लगेच हवे होते. इथे वेस्टमिन्स्टरचे कार्डिनल हेन्री मॅनिंग मध्ये पडले. वय ८१. गोदीत आयरिश कॅथलिक पुष्कळ, त्यामुळे त्यांचा शब्द चालत होता. १० सप्टेंबरला पॉपलरमधल्या एका कॅथलिक शाळेत संप समितीसमोर ते तासन् तास बसले आणि ४ नोव्हेंबर या मधल्या तारखेवर समितीला राजी केलं. १४ तारखेला करार झाला, १६ ला माणसं कामावर.

त्या करारातलं एक कलम प्रत्येक युनियनवाल्याने आणि प्रत्येक पाळकाने पाठ करावं असं आहे. संपात जे कामावर गेले त्यांना कुणी त्रास देणार नाही, सहकारी म्हणूनच वागवलं जाईल, असं संपकऱ्यांनी लिहून दिलं. आणि नवी माणसं घेताना, संपात होता की नव्हता असा भेद करणार नाही, असं कंपन्यांनी लिहून दिलं. दोन्ही बाजूंची हमी एकाच कागदावर.

दोन वर्षांनी, १५ मे १८९१ रोजी पोप तेरावे लिओ यांचं 'रेरुम नोव्हारुम' हे परिपत्रक निघालं. समाजवादाला विरोध, खासगी मालमत्तेचं समर्थन, आणि त्याच दमात असंही की कामगारांना संघटना बांधण्याचा नैसर्गिक हक्क आहे आणि साधेपणाने राहणाऱ्या कामगाराचं पोट भरणार नाही इतकी मजुरी करारात असली तरी न्याय्य नाही. उपाशी माणसाने सही केली म्हणजे ती राजीखुशीने केली असं होत नाही, हा त्यातला गाभा. १९६५ मध्ये कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने संप हे शेवटचं पण कधीकधी आवश्यक साधन मानलं. १९८१ च्या 'लाबोरेम एक्सेर्चेन्स' या परिपत्रकात पोप दुसरे जॉन पॉल यांनी कुंपणही घातलं: संप न्याय्य आहे, पण समाजाला ज्या सेवांशिवाय चालतच नाही त्या सुरू राहतील अशी व्यवस्था हवी, आणि पक्षीय राजकारणासाठी त्याचा वापर नको. प्रोटेस्टंट बाजूलाही हीच ओढाताण दिसते. हॉलंडमध्ये धर्मशास्त्री आणि राजकारणी अब्राहम कायपर यांनी १८९१ मध्ये ख्रिस्ती सामाजिक परिषदेत मजुरांची कड घेतली आणि १९०३ मध्ये पंतप्रधान असताना रेल्वे कामगारांच्या संपावर बंदी घालणारा कायदा आणला. तिथल्या ख्रिस्ती युनियनांनी १९०९ मध्ये स्वतःचा वेगळा महासंघ काढला.

आपल्या मिशन संस्थांना हा विषय परका नाही. 'ही सेवा आहे, नोकरी नव्हे' हे वाक्य आपल्या रुग्णालयांत आणि शाळांत नेहमीचं आहे. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने नफा असो वा नसो, मालक-नोकर संबंधातून पद्धतशीर चालणारं काम 'उद्योग' ठरवलं, त्यात रुग्णालयं आणि शिक्षणसंस्था आल्या. पुढे १९८८ मध्ये गोव्यातल्या एका शाळेच्या प्रकरणात असं ठरलं की शाळा उद्योग असली तरी शिक्षक मात्र 'कामगार' नव्हे. म्हणजे त्या निकालांनी एकाच आवारातला शिपाई एका कायद्याखाली आला आणि बाई दुसऱ्या.

रुग्णालयात संप होऊ घातला असेल तर करण्यासारखी कामं ठरलेली आहेत. नोटीस हातात पडल्या दिवशीच दोन्ही बाजूंनी बसून अत्यावश्यक विभागांची यादी करायची: अपघात विभाग, अतिदक्षता, प्रसूती, डायलिसिस, ऑक्सिजन, शवागार. प्रत्येक पाळीला किती माणसं ते आकड्यात लिहायचं. ती माणसं युनियनने स्वतःच्या सभासदांतून द्यायची आणि व्यवस्थापनाने त्यांना त्या दिवसांचा पूर्ण पगार द्यायचा. कॅल्व्हरीत पहिल्याच आठवड्यात असं ठरलं असतं तर रोजची दफनं थांबली नसती आणि वादही सुरू राहिला असता.

गाडी बिघडते ती बहुतेक वेळा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, नर्सिंगच्या विद्यार्थिनींना वॉर्डात उभं केल्यावर. अंतर्गत गुण व्यवस्थापनाच्या हातात, होस्टेलची खोली व्यवस्थापनाची. ती मुलगी नाही कसं म्हणणार? शिकाऊ हात औषधाच्या मात्रेत चुकला तर रुग्णाचं नुकसान होतं आणि ठपका तिच्यावर येतो. म्हणून विद्यार्थिनींच्या पाळ्या संपाच्या आधी होत्या तशाच राहतील, हे त्याच यादीखाली लिहून घ्यावं. संप मिटताना तीन गोष्टींवर सह्या हव्यात: संपाच्या दिवसांचा पगार मिळणार की नाही, ते दिवस सेवेतला खंड धरणार की नाही, आणि संपात होते त्यांच्यावर किंवा कामावर आले त्यांच्यावर कुणीही डूख धरणार नाही. पहिल्या दोन गोष्टी वकील लिहून आणतो. तिसरी बहुधा तोंडीच राहते, आणि सहा महिन्यांनी बदल्यांचे आदेश निघतात तेव्हा दाखवायला कागद नसतो.