तलवार पॅरिसची, तिजोरी बॉनची

अध्यक्ष महाशय आणि मित्रहो,

विषय आहे 'फ्रान्स-जर्मनी: लष्करी बळ आणि आर्थिक ताकद'. दोन्हींचा ताळमेळ मांडणारच आहे, पण आधी एक तारीख. युरोपच्या एकीकरणावर आपल्याकडे काहीही वाचायला घ्या, ९ मे १९५० हमखास येते. फ्रेंच परराष्ट्रमंत्री शूमान यांनी कोळसा आणि पोलाद सामायिक करू म्हटलं तो दिवस. ३० ऑगस्ट १९५४ मात्र कुणी सांगत नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. युरोपच्या सामायिक सैन्याचा करार फ्रान्सच्या संसदेने गुंडाळला तो हा दिवस. माझ्या मते आजच्या विषयाचं मूळ त्या दिवसात आहे.

थोडं मागे जाऊ. १९५० च्या जूनमध्ये कोरियात युद्ध पेटलं आणि युरोपच्या रक्षणासाठी जर्मन सैनिक हवेत, असा धोशा अमेरिकेने लावला. पॅरिसची झोपच उडाली. ज्यांच्या टाचेखाली चार वर्षं काढली त्यांच्या हाती पुन्हा बंदूक द्यायची? पंतप्रधान प्लेव्हेन यांनी ऑक्टोबरमध्ये तोड काढली. सहा देशांचं मिळून एक सैन्य, एक संरक्षणमंत्री. जर्मन जवान त्यात असतील, पण लहान तुकड्यांत विखुरलेले. जर्मनीला स्वतःचं संरक्षण खातं नाही. १९५२ च्या मेमध्ये सह्या झाल्या. पश्चिम जर्मनी (तेव्हाची तिची राजधानी बॉन), बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग, चौघांच्या संसदांनी करार मंजूर केला.

घोडं अडलं ते पॅरिसात! जर्मनांना वेसण घालायची तर आपलंही सैन्य त्याच दावणीला बांधावं लागणार, हे हळूहळू लक्षात आलं होतं. त्यात १९५४ च्या मेमध्ये व्हिएतनाममधलं फ्रेंचांचं ठाणं, दिएन बिएन फू, पडलं. स्वाभिमान आधीच रक्तबंबाळ. अशा वेळी सभागृहात ८२ वर्षांचे माजी पंतप्रधान एदुआर एरिओ बोलले. उभं राहवत नव्हतं, म्हणून जागेवर बसूनच, कराराच्या विरोधात. जनरल ओमेराँ यांनी तर चर्चाच पुढे नको असा प्रस्ताव आणला, आणि तो ३१९ विरुद्ध २६४ मतांनी मंजूर झाला. मूळ करारावर मतदान झालंच नाही. मग कम्युनिस्ट आणि जनरल द गॉल यांचे अनुयायी, एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे, एका सुरात राष्ट्रगीत गाऊ लागले. फ्रान्सने सुचवलेलं सैन्य फ्रान्सनेच गाडलं.

झालं काय? नऊ महिन्यांत पश्चिम जर्मनी नाटोत आली. १९५५ सरायच्या आत तिचं स्वतःचं सैन्य उभं राहिलं, तेही स्वतःच्या संरक्षण खात्यासह. जे टाळायचं होतं नेमकं तेच. बदल्यात जर्मन चान्सेलर आडेनाउअर यांनी आपल्या भूमीवर अण्वस्त्रं न बनवण्याचं वचन दिलं. फ्रान्सने १३ फेब्रुवारी १९६० ला सहारात अणुस्फोट केला. वाटणी ठरली ती अशी: बॉम्ब फ्रान्सकडे, मार्क, म्हणजे जर्मन चलन, जर्मनीकडे. ती कुणी बसून आखलेली नव्हती, एका नकारातून ती घडत गेली.

(जर्मनी शस्त्रं बनवत नव्हती असा याचा अर्थ नव्हे. आपल्या माझगाव डॉकमध्ये 'शाल्की' पाणबुडी बांधली ती जर्मन आराखड्यावर, 'कलवरी' फ्रेंच. पण त्यावर वेगळं व्याख्यान होईल.)

चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं उरली म्हणतात. मुख्य मुद्दा आता भरभर सांगतो.

१९८१ ते ८३ मध्ये फ्रँकचं, म्हणजे फ्रेंच चलनाचं, तीनदा अवमूल्यन झालं. व्याजदर फ्रँकफुर्टला, जर्मन मध्यवर्ती बँकेत, ठरायचे आणि पॅरिसने ते निमूट पाळायचे. बॉम्ब असून बाजारात काही चालत नाही, हे फ्रेंच राष्ट्राध्यक्ष मितराँ यांना तेव्हाच कळलं. १९९० मध्ये जर्मनी एक झाली. सैन्य ३ लाख ७० हजारांच्या वर नेणार नाही, अण्वस्त्रं ठेवणार नाही, हे तिने लिहून दिलं. पुढे मार्कही युरोत विरघळला. पॅरिसला वाटलं, आता तिजोरी दोघांची झाली. तशी ती झाली नाही. कारखाने, निर्यात, काटकसर सगळं राइन नदीपलीकडे, जर्मनीतच राहिलं.

२०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर चाल केली आणि जर्मन चान्सेलर शोल्त्स यांनी लष्करासाठी १०० अब्ज युरो काढले. २०२५ च्या मार्चमध्ये जर्मनांनी राज्यघटनाच बदलली: सकल देशांतर्गत उत्पादनाच्या एक टक्क्यावरचा संरक्षण खर्च कर्जमर्यादेबाहेर. इकडे फ्रान्सचं कर्ज सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ११० टक्क्यांवर, आणि पैशांच्याच भांडणात बार्निए आणि बायरू, दोन्ही पंतप्रधानांची सरकारं वर्षभरात पडली. तलवार तिजोरीच्या घरी निघाली आहे! दोघांनी मिळून करायचं लढाऊ विमान २०१७ मध्ये जाहीर झालं, ते फ्रान्सची दासो आणि जर्मनीच्या बाजूने असलेली एअरबस या कंपन्यांच्या वाट्याच्या वादात रुतलं, याचं कारणही हेच. धाकटेपण आता कुणाला नको आहे.

उरला बॉम्ब. त्याची छत्री मित्रदेशांवर धरायची का, ही चर्चा फ्रेंच राष्ट्राध्यक्ष माक्राँ यांनी २०२५ मध्ये उघडपणे सुरू केली. जर्मन सैन्य परदेशी पाठवायचं तर संसदेची संमती लागते, तिथलं न्यायालय १९९४ मध्ये तसं सांगून बसलं आहे. फ्रान्सचा बॉम्ब मात्र एकट्या राष्ट्राध्यक्षाच्या हुकुमावर सुटतो, आणि तो राष्ट्राध्यक्ष २०२७ मध्ये बदलणार. बर्लिनने त्या छत्रीखाली जायचं ठरवलं, तर ती धरणारा हात कोणाचा, हे फ्रेंच मतदार ठरवणार. जर्मनांना त्यात मत नाही.