शिलालेख वाचून झाला, आता कुदळ

सर्वांना सविनय जय भीम. नमो बुद्धाय.

अंगुत्तर निकाय या पाली ग्रंथात महाचुंद नावाचं एक छोटं सुत्त, म्हणजे उपदेश, आहे. चेती देशातल्या सहजाती गावी आयुष्मान महाचुंद भिक्खूंसमोर एक भांडण मांडतात. एका बाजूला धम्मयोगी, म्हणजे सुत्तं पाठ करणारे, अर्थाचा कीस काढणारे. दुसऱ्या बाजूला झायी, म्हणजे ध्यान करणारे. धम्मयोगी झायींची टर उडवतात: "झायन्ति, पज्झायन्ति, निज्झायन्ति, अवज्झायन्ति!" 'ध्यान करणं' या एकाच धातूची चार रूपं करून केलेली ही नक्कल आहे, व्याकरणवाल्यांची चेष्टासुद्धा व्याकरणातलीच. झायीही काही कमी नाहीत. ते म्हणतात, हे लोक उद्धट, चंचल, तोंडाळ. महाचुंदांचा निकाल असा की, दोघांनी एकमेकांची वाखाणणी करायला शिकावं, कारण दोन्ही प्रकारची माणसं दुर्मीळ असतात.

हे भांडण पुढे श्रीलंकेत पुन्हा पेटलं. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात तिथे मोठा दुष्काळ आणि बंड झालं, भिक्खुसंघाची वाताहत झाली. परिस्थिती सावरल्यावर प्रश्न निघाला: शासनाचं, म्हणजे बुद्धाच्या शिकवणीचं, मूळ कशात, परियत्तीत की पटिपत्तीत? अध्ययनात की आचरणात? पांसुकूलिक, म्हणजे टाकून दिलेल्या चिंध्यांची चीवरं वापरणारे, म्हणाले, आचरणात. धम्मकथिक, म्हणजे प्रवचन करणारे, म्हणाले, अध्ययनात, आणि अट्ठकथा, म्हणजे सुत्तांवरचं जुनं भाष्य, सांगते की धम्मकथिक जिंकले. त्यांनी दिलेला एक दाखला फार नेमका आहे. जमिनीत धन पुरलंय आणि त्याची खूण दगडावर कोरून ठेवली आहे. जोवर अक्षरं शाबूत आहेत तोवर धन हरवलं असं म्हणता येत नाही.

दाखला मला मान्य आहे. त्यातली कुदळ मात्र आपण विसरतो. अक्षरं खणायची जागा दाखवतात, आणि आपण पिढ्यान्‌पिढ्या शिलालेखच पुसून लख्ख करत बसलो आहोत.

आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत आपल्या विहारांतून रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं. ही चांगली प्रथा आहे, ती मोडू नका. फक्त होतं काय, की अश्विन पौर्णिमेला समारोप ठरलेला असतो, जेवणाची वर्गणी गोळा झालेली असते, आणि मग "आज वीस पानं उरकूया" सुरू होतं. वाचणारा धापा टाकतो, ऐकणारे पेंगतात. मज्झिम निकायातल्या अलगद्दूपम सुत्तात साप पकडायची उपमा आहे. शेपटी धरली तर साप उलटून चावतो. दुबेळक्या काठीने मान दाबून धरला तर चावत नाही. दुसऱ्याचे दोष काढायला आणि वादात जिंकायला जो धम्म शिकतो, त्याने शेपटी धरली आहे. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर रात्री अकरानंतर जे चालतं ते बघा, शेपटीच शेपटी.

मग मान कशी धरायची? एक शील घ्या. चौथं: मुसावादा वेरमणी सिक्खापदं समादियामि. ही आज्ञा नाही, हे शिक्षापद आहे. "खोटं बोलण्यापासून दूर राहण्याचा सराव मी स्वीकारतो" असा त्याचा अर्थ. अट्ठकथा खोटं बोलण्याचे चार घटक सांगते: गोष्ट खोटी असणं, फसवण्याचं चित्त, तसा प्रयत्न, आणि समोरच्याला ते कळणं. आता हे पुस्तकी वाटतं. पण फोन वाजतो, तुम्ही अजून घरात चप्पल शोधताय आणि म्हणता, "निघालोय, वाटेतच आहे." गोष्ट खोटी, चित्त फसवण्याचं, तोंडाने प्रयत्न झाला, पलीकडच्याने ऐकलं. चारही भरले. ज्याला हे चार ठाऊक आहेत त्याला दुसऱ्या घटकावर, चित्तावर, थांबता येतं: "अजून घरीच आहे, वीस मिनिटं लागतील." एक आठवडा एवढंच करा. रात्री झोपताना मोजायचं, आज चारही घटक किती वेळा भरले. पाठ केलेल्याचा उपयोग इथे होतो.

आता मैत्री भावना, म्हणजे सर्वांविषयी सद्भाव जोपासण्याचा सराव. वंदनेत आपण "सब्बे सत्ता सुखी होन्तु", सर्व प्राणी सुखी होवोत, असं एका दमात म्हणतो, आणि विहाराच्या पायऱ्या उतरताना शेजारच्या काकूंशी बोलत नाही, कारण त्यांच्या भिंतीची ओल आपल्याकडे येते. "सब्बे" म्हणणं सोपं, कारण "सब्बे" कुणाच्या शेजारी राहत नाहीत. पाचव्या शतकात अनुराधपुरच्या महाविहारात बुद्धघोषांनी विसुद्धिमग्ग हा साधनेचा ग्रंथ लिहिला; गोव्यात जन्मलेल्या धर्मानंद कोसंबींनी त्याचं संपादन केलं आहे. त्यात मैत्रीची रीत स्वयंपाकाच्या कृतीसारखी दिली आहे. जेवून, जेवणाची सुस्ती घालवून, सुखासनात बसायचं. आधी द्वेषाचे तोटे आणि क्षमेचे फायदे मनात आणायचे. मग क्रम: प्रथम स्वतः, "मी सुखी होवो, निर्दुःखी होवो", मग आदरणीय व्यक्ती, गुरुस्थानी असलेली, मग अतिप्रिय, मग मध्यस्थ, म्हणजे जिच्याशी देणं-घेणं नाही अशी, आणि शेवटी वैरी.

क्रम उलटा केला तर काय बिघडतं, हेही तिथे दिलं आहे. वैऱ्यापासून सुरुवात केली तर संताप उसळतो. अतिप्रियापासून केली तर त्याच्या बारीकशा दुःखानेही रडू येतं. ज्या व्यक्तीबद्दल आकर्षण वाटू शकतं तिच्यापासून केली तर मैत्रीच्या वेषात राग शिरतो. पालीत राग म्हणजे आसक्ती, मराठीतला संताप नव्हे. तो मैत्रीचा जवळचा शत्रू आणि व्यापाद, म्हणजे द्वेष, हा लांबचा. लांबचा ओळखू येतो, जवळचा घरात जेवून जातो. मृत व्यक्तीवर तर ही भावना करूच नये. एका तरुण भिक्खूने आपल्या आचार्यांवर मैत्री सुरू केली, काही केल्या ध्यान लागेना. एक थेर, म्हणजे ज्येष्ठ भिक्खू, म्हणाले, आधी आलंबन, म्हणजे ज्याच्यावर ध्यान करतोस ते, तपास. चौकशी केली तर आचार्य वारले होते.

ध्यानाकडे वळलेल्यांनाही एक सांगायचं आहे. दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात पहिले तीन दिवस आनापान, म्हणजे श्वासाकडे लक्ष ठेवणं, चौथ्यापासून विपश्यना आणि दहाव्या दिवशी मैत्री असते. घरी आल्यावर सकाळ-संध्याकाळ एक-एक तास बसायला सांगितलेलं असतं. ते दोन तास आठवड्यातच गळतात आणि मग शिबिरं मोजली जातात, वारीसारखी: माझी सात झाली, तुमची किती? कुणाला अंगभर छान झिणझिण्या आल्या की तो त्यांच्याच मागे लागतो. ज्याने सुखद वेदनेबद्दल (पालीत वेदना म्हणजे संवेदना, दुखणं नव्हे) सुत्तात वाचलंय, त्याला कळतं की हीसुद्धा वेदनाच आहे, येणार आणि जाणार. न वाचलेला तिला फळ समजतो. बाबासाहेबांनीही प्रज्ञेला एकटं सोडलं नाही, शील आणि करुणा तिच्याशी बांधली. १९५६ साली नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत ते आहे.

मैत्री वैऱ्यापाशी अडली तर विसुद्धिमग्गात उपायांची लांब यादी आहे. त्याचा एखादा चांगला गुण आठव. तो कुठल्याशा जन्मी तुझी आई असेल, असा विचार कर. केस, नखं, दात यांतल्या नेमक्या कशावर रागावला आहेस, ते स्वतःला विचार. हे सगळं डोक्यातलं आहे, आणि तरीही जमलं नाही तर शेवटचा उपाय हाताने करायचा आहे: त्याला काहीतरी दे, त्याच्याकडून काहीतरी घे. श्रीलंकेतल्या चित्तलपब्बत विहारातल्या एका भिक्षान्न खाणाऱ्या थेरांना एका महाथेरांनी निवासातून तीनदा उठवलं होतं. त्या थेरांनी आपलं पात्र त्यांच्यापुढे धरलं आणि म्हणाले, "भन्ते, हे आठ कहापण (नाणी) किमतीचं पात्र माझ्या उपासिका आईने दिलं आहे, धम्माने मिळालेलं आहे. स्वीकारा, म्हणजे तिला पुण्य लाभेल."