आधी गल्ली, मग देश

(निवेदन)

[दृश्य : संगणकाचा पडदा. एकाच देशाचा नकाशा, चार रंगांत.]

परदेशी राहायला जाण्याआधी ती जागा सुरक्षित आहे का, हे कसं तपासायचं ते बघू. हा मेक्सिको. देश एक, व्हिसा एक, पण अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने त्याला राज्यागणिक धोक्याची वेगळी पातळी दिली आहे, एक ते चार. युकातान राज्याला सगळ्यात सौम्य, म्हणजे नेहमीची काळजी घ्या एवढंच. तामौलिपास आणि सिनालोआला चौथी : जाऊ नका. आता "मेक्सिको सुरक्षित आहे का?" या प्रश्नाचं काय करायचं? शहर कुठलं, वस्ती कुठली, वेळ कुठली आणि जाणार कशाने, इतकं विचारलं तर उत्तर मिळतं. तेवढं विचारायची तयारी नसेल, तर हवं ते उत्तर इंटरनेटवर मिळतंच.

[दृश्य : बोटाने पान खाली सरकवलं जातं.]

याच खात्याच्या प्रवाससूचनेचं पान उघडलं की लोक वरचा आकडा बघतात आणि बंद करतात. आकड्याशेजारची अक्षरं वाचा. 'सी' म्हणजे गुन्हेगारी, 'टी' दहशतवाद, 'यू' मोर्चे-दंगली, 'एच' आरोग्य, 'एन' नैसर्गिक आपत्ती, 'के' अपहरण. 'डी' म्हणजे परक्या सरकारने नाहक अटकेत टाकण्याचा धोका; हे अक्षर २०२२ मध्ये जोडलं गेलं. दोन देश तिसऱ्या पातळीवर असतील, पण एकाला 'एन' लागलेलं असेल आणि दुसऱ्याला 'के'. पहिल्यासाठी घराची इमारत तपासायची, दुसऱ्यासाठी रोजचा जाण्यायेण्याचा रस्ता. तयारी पूर्ण वेगळी.

मग पानाची तारीख. पहिल्या दोन पातळ्यांचा आढावा वर्षातून एकदा होतो, वरच्या दोन पातळ्यांचा निदान सहा महिन्यांनी. अकरा महिन्यांपूर्वीचं पान खोटं नसतं, शिळं असू शकतं.

तेच शहर ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाच्या सूचनांमध्येही शोधा. तिघांचं एकमत असेल तिथे वाद घालत बसू नका. एकच जण ओरडत असेल, तर का ते बघा. कधी त्यांच्या नागरिकांवर खरंच हल्ले झालेले असतात, कधी दोन सरकारांचं बिनसलेलं असतं. शिवाय ही पानं प्रत्येक सरकार स्वतःच्या पासपोर्टधारकांसाठी लिहितं, आणि मुख्यतः पर्यटकांसाठी. घरमालक अनामत रक्कम परत देतो का, रात्रपाळीहून परतताना बस मिळते का, हे त्यात सापडणार नाही.

[दृश्य : आलेख, दोन उभे स्तंभ.]

गुन्ह्यांचे आकडे देशादेशांत थेट जुळवता येत नाहीत. स्वीडनमध्ये बलात्काराची तक्रार आली की प्रत्येक कृत्य स्वतंत्र गुन्हा म्हणून मोजलं जातं, शिवाय कायद्यातली व्याख्या २००५ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये रुंदावली. आकडा फुगलेला दिसतो. जिथे बाई पोलीस ठाण्याची पायरीच चढत नाही तिथला आकडा लहान दिसतो, आणि त्यावरून तो देश चांगला ठरवणारे लोक आहेत. तुलनेला त्यातल्या त्यात बरा आकडा खुनांचा, कारण मृतदेह सहजासहजी लपत नाही. तो दर लाख लोकसंख्येमागे बघायचा आणि शक्यतो शहराचा बघायचा.

'नंबिओ'सारख्या संकेतस्थळावरचा गुन्हे-निर्देशांक म्हणजे तिथे येणाऱ्यांनी भरलेली प्रश्नावली. ती भीती मोजते. जागतिक शांतता निर्देशांकात २३ निकष आहेत आणि त्यांत लष्करी खर्चसुद्धा येतो. रात्रीच्या बसथांब्याशी त्याचा काय संबंध?

आता हे दोन स्तंभ. संयुक्त राष्ट्रांच्या हिशेबाने २०२१ मध्ये जगभरात सुमारे ४ लाख ५८ हजार माणसांचे खून झाले. त्याच वर्षी रस्त्यावर गेलेल्यांचा जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा ११ लाख ९० हजार. अडीचपट. त्यांतले निम्म्याहून जास्त पायी चालणारे, सायकलवरचे आणि दुचाकीवरचे. परदेशी राहायला जाणारा माणूस चोरांची चौकशी महिनाभर करतो आणि उतरल्यावर तिसऱ्या दिवशी भाड्याची स्कूटर काढतो, हेल्मेटशिवाय.

[दृश्य : चौक. वाहनं न थांबता जातात. आवाज मूळचा ठेवावा. आठ सेकंद निवेदन नाही.]

झेब्रा पट्ट्यांशेजारी दहा मिनिटं उभं राहायचं आणि मोजायचं. माणूस पट्ट्यावर उतरल्यावर किती गाड्या थांबल्या? मागच्या सीटवर पट्टा लावलेला दिसतो का? टॅक्सीत तो पट्टा असतो, की कव्हरखाली दाबलेला असतो? पदपथ सलग आहे, की दर पन्नास पावलांवर रस्त्यावर उतरावं लागतं? गाडी स्वतः चालवायची असेल तर आंतरराष्ट्रीय परवान्याचा नमुनाही पाहून घ्या. रस्ते-वाहतुकीच्या १९४९ च्या जिनिव्हा कराराचा एक, १९६८ च्या व्हिएन्ना कराराचा दुसरा. जपानमध्ये फक्त पहिला चालतो. दुसरा खिशात घेऊन गाडी चालवणं म्हणजे तिथे विनापरवाना चालवणं, आणि अपघात झाला तर विमाही हात वर करतो.

[दृश्य : धुक्यासारख्या धुराने भरलेली सकाळ. लांबची टेकडी दिसत नाही.]

पाहणीसाठी एकदा जाऊन यायचं, तेही वर्षातल्या सगळ्यात वाईट महिन्यात. थायलंडच्या चिआंग माईत डिसेंबरात जाणारा माणूस घर पक्कं करून येतो. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये शेतं आणि जंगलं पेटतात, तेव्हा त्याच खिडकीतून डोंगर दिसेनासा होतो. वार्षिक सरासरीत हे बुजून जातं, म्हणून पीएम २.५ चे, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांचे आकडे महिन्यागणिक काढा. जागतिक आरोग्य संघटनेची वर्षाची मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम आहे, चोवीस तासांची १५. पुराचं शहर असेल तर ऐन पावसात जा. घराच्या तळमजल्याच्या भिंतीवर पाण्याची जुनी रेघ आहे का ते तेव्हाच दिसतं, पुढे रंग लागतो.

मुक्काम किमान दहा दिवस. हॉटेलांच्या भागात न राहता, ज्या वस्तीत घर घ्यायचं तिथेच. मंगळवारी सकाळी आठला कामाच्या ठिकाणापर्यंत जायचं, शुक्रवारी रात्री साडेदहाला परत यायचं. एकच रस्ता, दोनदा.

[दृश्य : रात्रीची गल्ली. कॅमेरा चालत्या माणसाच्या खांद्यामागून. दिवा, अंधार, दिवा.]

हा तो परतीचा रस्ता. शहर कुठलं हे मुद्दाम सांगत नाही, कारण बघायच्या गोष्टी सगळीकडे त्याच. 'कसं वाटतं' हे बाजूला ठेवा. नवख्या माणसाला सगळंच परकं वाटतं. मोजा. सलग किती दिवे बंद आहेत? दुकानांची शटर कधी खाली येतात? बायका एकट्या चालताहेत का, आणि फोन हातात धरून चालताहेत का? हे दुसरं जास्त बोलकं आहे. एटीएम रस्त्यावर उघडं आहे, की कुलूपबंद खोलीत? कुंपणावर काचा किंवा विजेची तार असेल, तर ती जुनी गंजलेली आहे की नवी कोरी? नवी असेल तर गल्लीत अलीकडे काहीतरी घडलंय.

[दृश्य : औषधाच्या दुकानाच्या काउंटरवर दोन हात. चेहरा नाही.]

विचारायचं तीन जणांना : औषधवाला, टॅक्सीवाला, आणि इमारतीत साफसफाईला येणारी बाई. "हा भाग चांगला आहे का?" असं विचारलं की सगळे हो म्हणतात, पाहुण्याला नाही कोण म्हणेल? "रात्री तुम्ही स्वतः कुठून जात नाही?" असं विचारा. लोक बोटाने दाखवतात. तिघांची बोटं एकाच दिशेला गेली तर तो रस्ता नकाशावर लाल करायचा. घर दाखवणाऱ्या एजंटाचं मत यात धरू नका. त्याला दलाली मिळणार आहे.

[दृश्य : खिडकीची लोखंडी जाळी. आतल्या बाजूचं कुलूप. किल्ली सापडत नाही.]

हे दृश्य नीट बघा. तळमजल्याच्या घराला जाळी चांगलीच, पण ती आतून उघडायला हवी, आणि उघडायची किल्ली खिडकीच्या जवळ, पण बाहेरून हात घातला तरी पोचणार नाही अशा जागी लटकलेली हवी. चोराला अडवणारी जाळी आगीत घरातल्यांनाही अडवते. सुरक्षेचं काम करणारे साधारण तिसरा ते सहावा मजला सुचवतात : चोराला चढायला उंच, अग्निशमन दलाच्या शिडीला पोचण्यासारखा.

न्हाणीघरात गॅसचा गीझर आहे का? त्याचा धूर नळीने थेट बाहेर जातो, की वरच्या पोटमाळ्यात सोडून दिलाय? कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, रंग नसतो. बॅटरीवरचा छोटा गजर आपल्याबरोबर न्या. तो मुठीएवढा असतो आणि घरमालकाच्या परवानगीशिवाय लागतो.

नळाच्या पाण्याबद्दल "इथे सगळे पितात" हे उत्तर पुरेसं नाही. गच्चीवरची टाकी बघा, तिला झाकण आहे का ते बघा. शंका असेल तर पाणी खळखळून एक मिनिट उकळायचं. दोन हजार मीटरच्या वर राहत असाल तर तीन मिनिटं, कारण उंचीवर पाणी कमी तापमानालाच उकळतं.

[दृश्य : इमारतीची दर्शनी बाजू. कॅमेरा खालून वर.]

भूकंपाच्या देशात इमारतीचं वय ही सगळ्यात स्वस्त माहिती. जपानमध्ये १ जून १९८१ पासून बांधकामाचे भूकंपरोधक नियम कडक झाले. तिथे घर बघताना विचारायचं ते हेच : बांधकामाला परवानगी त्या तारखेच्या आधीची की नंतरची? बांधून पूर्ण कधी झाली हे विचारून फसू नका. ऐंशी साली परवानगी घेतलेली इमारत त्र्याऐंशीत उभी राहिली असली तरी ती जुन्याच नियमांची. २०२० च्या ऑगस्टपासून तिथल्या एजंटाला पुराच्या नकाशावर घर कुठे येतं हे दाखवावंच लागतं. तुर्कस्तानात याच्या उलट झालं. २०१८ मध्ये सरकारने बेकायदा बांधकामं दंड भरून नियमित करायला दिली. कागद नीट झाले, खांब होते तसेच राहिले. फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपात तिथे पन्नास हजारांहून जास्त माणसं गेली.

[दृश्य : ढिगाऱ्याचं संग्रहित चित्रण. निवेदन नाही.]

[दृश्य : टेबलावर औषधांच्या पट्ट्या. एक पट्टी उलटी करून मागची अक्षरं.]

औषधाचं ब्रँडनाव बिनकामाचं, मागचं घटकाचं नाव वाचा. ही सर्दीची साधी गोळी, घटक स्यूडोएफेड्रिन. प्रमाण दहा टक्क्यांहून जास्त असेल तर जपानमध्ये आणायलाच बंदी. लक्ष केंद्रित होत नाही म्हणून दिलेली अँफेटामाइनची औषधं तर चिठ्ठी असली तरी चालत नाहीत. नेहमीची चिठ्ठीवरची औषधं एका महिन्याची नेता येतात, त्याहून जास्त हवी असतील तर निघण्यापूर्वी आयातीचं प्रमाणपत्र काढावं लागतं. संयुक्त अरब अमिरातीत कोडीन आणि ट्रॅमाडोल ही वेदनाशामकं नियंत्रित आहेत, सरकारी परवानगी आधी लागते. यादी करताना तीन रकाने पुरतात : घटक, एका गोळीचं प्रमाण, महिन्याचा खप. डॉक्टरांचं पत्र त्याच नावांनी लिहून घ्या, आणि गोळ्या मूळ वेष्टनातच ठेवा. डबीत ओतलेली गोळी विमानतळावर कुणाचीच नसते.

पीतज्वराची लस लागणार असेल तर प्रमाणपत्र टोचल्यानंतर दहा दिवसांनी वैध होतं. निघायच्या आठवड्यात टोचून घेणारे इथेच अडकतात. जुलै २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं.

[दृश्य : करारपत्राची पानं उलटली जातात.]

कागदपत्रांचं थोडक्यात. जर्मनीत घर बदललं की दोन आठवड्यांत नोंदणी, आणि त्यासाठी घरमालकाचं सहीचं पत्र लागतं. चीनमध्ये घरात राहायला गेल्यापासून चोवीस तासांत पोलिसांकडे नोंद. थायलंडमध्ये ती नोंद करणं घरमालकाचं काम, पण त्याने केली नाही तर इमिग्रेशनच्या खिडकीवर अडतो तो भाडेकरू. म्हणून भाडं ठरवण्याआधीच विचारा, नोंद करणार का? टाळाटाळ दिसली तर ते घर सोडा. नोकरी देणारा पासपोर्ट 'सांभाळायला' मागत असेल तर देऊ नका. ओळखपत्रं काढून घेणं हे आंतरराष्ट्रीय कामगार संघटना सक्तमजुरीच्या लक्षणांत मोजते.

अटक झाली तर वकिलातीला कळवा अशी मागणी करायचा हक्क वकिलातींविषयीच्या १९६३ च्या व्हिएन्ना कराराने दिला आहे. वकिलात भेटायला येते, वकिलांची यादी देते. सोडवून आणत नाही. त्या देशाचंही नागरिकत्व असेल तर तेवढंही मिळेल याची खात्री नाही.

विम्याच्या कागदात दोन गोष्टी शोधा : सरकारने 'जाऊ नका' म्हटलेल्या भागात संरक्षण राहतं का, आणि रुग्णाला दुसऱ्या देशात हलवायचा खर्च आहे का. प्रवासविमा राहायला गेलेल्या माणसासाठी नसतो, ही तिसरी. ज्यांनी हे वाचलं नाही, त्यांची बिलं घरच्यांनी भरली.

[दृश्य : मोटारीतलं घड्याळ. मग रुग्णालयाचं फाटक.]

घरापासून तातडीच्या दवाखान्यापर्यंतचं अंतर किलोमीटरमध्ये लिहू नका, मिनिटांत लिहा, तेही संध्याकाळी सहाचं. रुग्णवाहिका कोण पाठवतं, तिच्यात ऑक्सिजन असतो का, दाखल करण्याआधी पैसे मागतात का, हे स्वागतकक्षात उभं राहून विचारता येतं. नंबरही देशागणिक वेगळे. युरोपीय संघात सगळ्यासाठी ११२, ऑस्ट्रेलियात ०००, जपानमध्ये पोलीस ११० आणि रुग्णवाहिका ११९.

[दृश्य : दाराच्या आतल्या बाजूला कागद चिकटवला जातो. हात कडा दाबतो.]

नंबर मोठ्या अक्षरांत. त्याखाली घराचा पत्ता, तिथल्या भाषेत, जसा उच्चारायचा तसा देवनागरीत. फोनवर पलीकडचा माणूस पहिला तोच विचारतो.